झेंडूचे मूळ आणि कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असा शहाणपणाचा संकेत आपल्याकडे फार दिवसांपासून चालत आला आहे. फुलांच्या बाबतीत तो कोणी सांगितलेला नसला तरी आपण तो निमूटपणे पाळतो. परडीतील फुलांना, तुम्ही मूळची कोठली, असे देवघरात कोणी विचारीत नाही. मीही विचारले नसते. परंतु शिक्षकाची एक अडचण असते. त्याच्या तोंडून एकदा निघालेले विधान चाळीस वह्यांत जाऊन बसते आणि पुढे तेथून ते काढणे त्याच्या हाती राहत नाही.

काही वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या शाळेत नेहमीप्रमाणे पाटीपूजन झाले. एक ह्या अंकाने काढलेली सरस्वती, आपट्याची पाने आणि दाराला आंब्याच्या पानांचे व झेंडूचे तोरण, असा सारा थाट होता. मुलांपुढे चार शब्द बोलताना मी म्हणून गेलो की, रावणाचा वध करून प्रभू रामचंद्र अयोध्येस परतले तेव्हा नगरजनांनी अशीच झेंडूची तोरणे दारोदार बांधली होती. हे वाक्य मी आधीही अनेकदा उच्चारले होते. ते मला कोणी सांगितले, हे आठवत नाही. ते हवेतच असावे. सभा संपल्यावर आठवीतील एक मुलगी जवळ आली. तिच्या घरी गुजराती बोलतात. तिने विचारले, "सर, रामायणात गलगोट्याला काय म्हटले आहे?" मी म्हणालो, उद्या सांगतो. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुटी होती, ही माझ्या दृष्टीने मोठीच सोय झाली.

वाल्मीकींनी अयोध्येच्या सजावटीत पताका वर्णिल्या आहेत, माळा वर्णिल्या आहेत, सडा शिंपडलेले राजमार्ग वर्णिले आहेत. झेंडू तेथे असणे शक्यच नव्हते. पण हे समजण्यास मला बरेच हिंडावे लागले, आणि ते हिंडणे मूळ प्रश्नापेक्षा अधिक मनोरंजक निघाले.

आरंभ आपल्या काव्यापासूनच करावा. मेघदूताच्या उत्तरार्धात कालिदासाने अलकानगरीतील स्त्रियांचा पुष्पशृंगार एका श्लोकात सांगितला आहे. हातात कमळ, केसांत कुंद, मुखावर लोध्राचा पराग, वेणीत कुरबक, कानावर शिरीष आणि भांगात कदंब. सहा ऋतूंची सहा फुले एकाच वेळी फुलविण्याचे ते कविकौशल्य टीकाकारांनी पूर्वीच उलगडून दाखविले आहे. मला त्यात दुसरेच महत्त्वाचे वाटते. शरदाचा मान तेथे कमळाला आहे. आज आपल्याकडे शरद म्हटला की डोळ्यांपुढे केशरी-पिवळ्या राशी उभ्या राहतात. कालिदासाच्या शरदात त्यांचा मागमूस नाही.

दुसरी खूण पुराणकथांची. आपल्याकडे ज्या फुलाला खरोखरच वय आहे त्याला कथाही आहे. पारिजातासाठी सत्यभामा रुसली, केतकीला शिवाचा शाप मिळाला, तुळशीमागे वृंदेची कहाणी आहे. इतक्या दारांवर टांगला जाणारा, इतक्या मूर्तींच्या गळ्यात पडणारा झेंडू मात्र कथेवाचून राहिला. त्याच्यासाठी कोणी रुसले नाही आणि त्याला कोणी शापही दिला नाही. देवांच्या दरबारात तो उशिरा आला, आणि तोवर साऱ्या कथा वाटल्या गेल्या होत्या.

तिसरी आणि सर्वांत बोलकी खूण नावांची. हिंदीत गेंदा, म्हणजे गेंदेसारखा, चेंडूसारखा. कानडीत चेंडु हूवु, पुन्हा चेंडूच. तेलुगूत बंति, त्याचाही अर्थ चेंडू. आपला झेंडू ह्याच घराण्यातला असावा असे त्याच्या नादावरून वाटते. कोकणात आणि गोव्यात त्याला गोंडा म्हणतात, तेही रूपावरूनच. अनोळखी पाहुण्याचे नाव ठाऊक नसले म्हणजे आपण जसे त्याच्या फेट्यावरून वा मिशीवरून ओळखतो, तसा हा प्रकार आहे. तमिळ भाषेने तर आडपडदाच ठेवला नाही. तेथे त्याचे एक नाव तुलुक्क शामंती असे आहे, म्हणजे तुर्कांची शेवंती. समुद्रापलीकडून वा परधर्मीयांकडून आलेल्या वस्तूला 'तुर्की' म्हणण्याची ही जुनी रीत आहे. तुर्कांचा ह्या फुलाशी संबंध कितपत होता हा प्रश्न वेगळा. फूल परके आहे, एवढी आठवण त्या भाषेने जपून ठेवली.

नावांचा आणखी एक गट आहे आणि त्यानेच मला मूळ गावी पोहोचविले. गुजरातीत झेंडूला गलगोटा म्हणतात, तसेच हजारीगलही म्हणतात. हजार पाकळ्यांचे फूल. उर्दूत सदबर्ग, म्हणजे शंभर पानांचे. आता मेक्सिकोतील अझ्टेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेतील नाव पाहा: सेंपोआल्शोचित्ल. सेंपोआल्ली म्हणजे वीस आणि शोचित्ल म्हणजे फूल. वीस-फूल. वीस हा आकडा आपल्याला तुटपुंजा वाटेल. पण त्या लोकांची गणतीच विसांच्या पटीने चाले, त्यामुळे वीस म्हणजे एक पूर्ण मोजणी, आपल्या बोलण्यातल्या शेकड्यासारखी. कोणी विसांत मोजले, कोणी शंभरात, कोणी हजारात; परंतु हे फूल हाती घेतल्यावर प्रत्येकाला मोजण्याचीच इच्छा झाली. आणि मोजणारे चुकले नाहीत. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने झेंडू हे एक फूल नव्हेच. ते पुष्कळ लहान फुलांचे स्तबक आहे. जिला आपण पाकळी म्हणून उपटतो ती स्वतंत्र पुष्पिका असते. वीस-फूल हे नाव देणारा माणूस शास्त्राच्या फार जवळ गेला होता.

तर हे त्याचे मूळ: मेक्सिको आणि मध्य अमेरिका. तेथे ते नुसते रानात वाढत नव्हते. त्याची लागवड होई, त्याचे औषध होई, ते देवतांना वाहिले जाई. कोर्तेसच्या स्पॅनिश सैन्याने १५२१ साली अझ्टेकांची राजधानी जिंकली. त्यानंतर एकतीस वर्षांनी, १५५२ मध्ये, मार्तिन दे ला क्रूस ह्या तद्देशीय वैद्याने आपल्या वनस्पतींचा एक सचित्र ग्रंथ सिद्ध केला आणि हुआन बादियानो ह्या त्याच्याच जातभाईने तो लॅटिनमध्ये उतरविला. तो पुढे व्हॅटिकनच्या ग्रंथालयात राहिला आणि १९९० मध्ये मेक्सिकोला परत मिळाला. उचकीवर, विजेच्या आघातावर आणि नदी सुखरूप पार करू इच्छिणाऱ्यासाठी ह्या फुलाची योजना त्यात सांगितली आहे. नदी ओलांडविणाऱ्या ह्या फुलाने पुढे महासागर ओलांडले.

त्याच काळात बेर्नार्दिनो दे साआगुन ह्या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाने नाहुआत्ल बोलणाऱ्या जाणत्यांना विचारून विचारून त्यांच्या सणवारांची प्रचंड नोंद केली. तिच्यात देवीचा एक उत्सव आहे. पावसाळा सरत आला असता तो होई, त्याचे नावच 'झाडलोट' ह्या अर्थाचे होते, आणि त्यात स्त्रियांचे दोन पक्ष एकमेकींवर जी फुले फेकीत त्यांत सेंपोआल्शोचित्लही होते. पावसाळ्याचा शेवट, देवी, घरादाराची झाडलोट आणि झेंडू! नवरात्राची आठवण व्हावी इतके साम्य आहे. अर्थात ह्यावरून दोन्ही उत्सव एकाच उगमाचे ठरविण्याचा मोह आवरला पाहिजे. पावसाच्या शेवटी येणारे फूल दोन्हीकडे पावसाच्या शेवटच्या सणातच पडणार, ह्यात नवल नाही.

युरोपात हे फूल किती लवकर पोहोचले ह्याचा लेखी पुरावा आहे. लिओनहार्ट फुक्स ह्या जर्मन वैद्याच्या १५४२ च्या वनस्पतिग्रंथात त्याचे चित्र आहे आणि तेथे त्याच्या नावापुढे 'इंडियाचे' असे विशेषण लागले आहे. वेस्ट इंडीज आणि हिंदुस्थान ह्यांचा जो घोटाळा कोलंबसाने करून ठेवला त्याचेच हे फळ. फ्रेंच लोकही झेंडूला 'हिंदचे कार्नेशन' म्हणतात. इंग्रजांनी ठेंगण्या जातीला 'फ्रेंच' व उंच जातीला 'आफ्रिकन' म्हटले. ते उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्याने त्यांच्याकडे आले असे त्यांना वाटत होते. तमिळांनी तुर्कांकडे बोट दाखविले, इंग्रजांनी फ्रान्स व आफ्रिकेकडे, जर्मनांनी व फ्रेंचांनी आपल्याकडे. मेक्सिकोचे नाव कोणीच घेतले नाही. जिंकलेल्या लोकांचे देणे मान्य करण्याची जगाला सवय नसते.

लिनियसने १७५३ मध्ये त्याचे शास्त्रीय नाव टॅजेटिस इरेक्टा असे पक्के केले. टॅजेटिस हा शब्द टॅजिस ह्या इट्रुस्कन दैवतावरून आला, असे मानतात. शेत नांगरताना तासातून एक बालक वर आले आणि त्याने लोकांना शकुनविद्या शिकविली, अशी त्याची कथा आहे. जनकाच्या नांगराच्या तासात सापडलेली सीता ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही कथा परकी वाटणार नाही. योगायोग एवढाच की, रामायणात ज्याचा पत्ता नाही त्या फुलाला भूमीतून निघालेल्या बालकाचे नाव मिळाले.

आपल्याकडे ते कोणत्या गलबतातून उतरले हे विचारणे व्यर्थ आहे. परंतु मार्ग मोकळे होते. गोवा १५१० पासून पोर्तुगीजांच्या हाती होते. १५६५ पासून मेक्सिको आणि मनिला ह्यांच्यामध्ये स्पॅनिश जहाजांची नियमित ये-जा सुरू झाली, आणि १५८० ते १६४० ही साठ वर्षे स्पेन व पोर्तुगाल एकाच राजमुकुटाखाली होते. मिरची, पेरू, काजू, अननस, सीताफळ, बटाटा ही सारी मंडळी ह्याच काळाच्या आगेमागे आपल्या दारी आली. गुलबाक्षी आणि निशिगंध ही फुलेही अमेरिकेचीच. झेंडूला तर प्रवासाची विशेष सोय होती. त्याचे बी म्हणजे काळ्या सुईसारखी हलकी काडी. ती सुकल्या फुलातच दडून राहते. ज्याने एक माळ नेली त्याने नकळत बियाण्याची पिशवी नेली. मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी कोशात झेंडू हा शब्द आहे. तोवर तो घरचा झाला होता.

ह्यावर एक आक्षेप घेण्यात येतो, तो नमूद केला पाहिजे. कर्नाटकातील होयसळ मंदिरांत काही मूर्तींच्या हाती मक्याच्या कणसासारखी वस्तू कोरलेली आहे. सोमनाथपूरचे मंदिर १२६८ चे आहे. तेव्हा अमेरिकेतील वनस्पती कोलंबसाच्या पूर्वीच आपल्याकडे होत्या, असे काही अभ्यासकांनी प्रतिपादन केले आणि त्या यादीत झेंडूही घातला. मला हे पटत नाही. दगडातील फळ काल्पनिक असू शकते, अलंकार असू शकते. नावे, कथा आणि काव्ये ह्यांची साक्ष एका बाजूला असताना शिल्पातील एका संशयित कणसावर एवढी इमारत उभी करणे धाडसाचे आहे. ह्या बाबतीत पुण्याच्या भांडारकर संस्थेचे क्यूरेटर परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) ह्यांची रीत आदर्श मानावी. मका, तंबाखू, शोभेची दारू अशा क्षुल्लक मानल्या गेलेल्या विषयांवर त्यांनी तारीखवार उल्लेख गोळा केले आणि जेथे उल्लेख थांबले तेथे तेही थांबले. दिवाळीचे फटाके अनादि नाहीत, हे त्यांनी दाखविले. दिवाळीला त्यामुळे काही उणेपणा आला नाही.

झेंडूपूर्वीही दसरा होताच. आंब्याच्या डहाळ्या, भाताच्या लोंब्या, शमी, आपटा, शस्त्रांची पूजा हे जुने आहे. त्या चौकटीत जागा मोकळी होती ती भरगच्च, स्वस्त आणि टिकाऊ फुलाची. चाफा दुपारपर्यंत काळवंडतो, प्राजक्त हातात घेताघेताच मलूल होतो, कमळाला तळे लागते. झेंडू पावसाच्या तोंडी पेरावा आणि अश्विनात तोडावा. कोणत्याही जमिनीत येतो, दाभणात ओवताना फाटत नाही, दाराच्या उन्हावाऱ्यात चार दिवस टिकतो. रंग हळदीचा आणि भगव्याचा. ज्या प्रदेशात हळद मंगल, भंडारा पवित्र आणि निशाण भगवे, तेथे ह्या फुलाला ओळखपत्र मागण्याचे कारणच पडले नाही. नांगर, तराजू, यंत्र, मोटार, ज्याची ज्यावर उपजीविका त्याच्या गळ्यात तो पडला. उपयोगी वस्तूंची पूजा करण्याच्या सणाला मोगऱ्यासारखे नाजूक फूल शोभले नसते.

अर्थाच्या बाबतीत मात्र प्रवासात मोठी उलथापालथ झाली. मेक्सिकोत १ व २ नोव्हेंबरला मृतांचा सण असतो. त्या दिवशी थडग्यापासून किंवा उंबऱ्यापासून घरातल्या वेदीपर्यंत ह्याच फुलाच्या पाकळ्यांची वाट घालतात. रंगाने आणि उग्र वासाने वाट ओळखून पितर घरी येतात, अशी समजूत आहे. म्हणजे काम पितृपक्षाचे आणि फूल दसऱ्याचे! आपल्याकडे त्याने पंधरवडा ओलांडला आणि तो मांगल्याकडे आला. तरीही जुने नाते अगदी तुटले असे म्हणवत नाही. तिरडीवरही तोच असतो. लग्नाचा मांडव, पुढाऱ्याचा सत्कार आणि अंत्ययात्रा ह्या तिन्ही ठिकाणी बिनतक्रार हजर राहणारे दुसरे फूल मला माहीत नाही.

ह्या सर्वत्र हजेरीची किंमत त्याला साहित्यात मोजावी लागली. प्रल्हाद केशव अत्रे ह्यांनी केशवकुमार ह्या नावाने १९२५ मध्ये विडंबनगीतांचा संग्रह काढला, त्याचे नाव 'झेंडूची फुले'. रविकिरण मंडळाच्या सुवासिक दिवसांत हे नाव पाहताच वाचकाला खोडी कळली असणार. सुगंध नाही, नजाकत नाही, पण रंग असा की नजर चुकविता येत नाही! विडंबनाला ह्याहून योग्य फूल मराठीत सापडले नसते. गंमत ही की, ज्याला हलके समजून ते नाव दिले त्या फुलाने अत्र्यांच्या हाती मराठी कवितेत कायमची जागा मिळविली. कवींनी जे केले नाही ते विडंबनकाराने केले.

वनस्पती आणि वाङ्मय ह्यांचे सोयरीक जुळणे बडोद्याला नवे नाही. १९०९ मध्ये येथे भरलेल्या मराठी साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे व्यवसायाने लष्करी डॉक्टर, व्यासंगाने वनस्पतिशास्त्रज्ञ आणि वृत्तीने कवी होते. टेनिसनच्या काव्यावरून त्यांनी 'इंदिरा' हे काव्य रचले. आणि बामनदास बसूंबरोबर केलेला त्यांचा भारतीय औषधी वनस्पतींवरील ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९१८ मध्ये, प्रसिद्ध झाला. फुलाचे नाव कोणत्या भाषेत काय आहे आणि ते मूळचे कोठले, हे दोन्ही प्रश्न एकाच माणसाने विचारावेत, अशी ती पिढी होती.

मूळचे कोठले, हा प्रश्न आम्हा बडोद्याकडच्या मराठी माणसांच्या तर अंगवळणी पडला आहे. १७३४ मध्ये बडोदे कायमचे गायकवाडांकडे आले. १९४९ मध्ये ते संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६० पासून आम्ही गुजरातेत आहोत. पुण्यास गेलो की आमच्या बोलण्यातील गुजराती वळणावरून, तुम्ही मूळचे कोठले, असे विचारतात. आणि येथे आडनाव सांगितले की तोच प्रश्न दुसऱ्या भाषेत येतो. दोन्हीकडे खरे उत्तर सांगावयास तीन शतके लागतात. आमच्या बाजव्यात तर हा प्रश्न कोणी कोणाला विचारावा अशी स्थिती नाही. १९६२ मध्ये खताच्या कारखान्याची कंपनी स्थापन झाली, १९६५ मध्ये कोयलीचे तेलशुद्धीकरण सुरू झाले, आणि रेल्वेच्या रुळांकडेचे हे गाव उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, केरळ अशा सर्व दिशांच्या माणसांनी भरले. माझ्या हजेरीपटावर गेंदा म्हणणारी मुले आहेत, चेंडुमल्ली म्हणणारी आहेत आणि गलगोटा म्हणणारी तर बहुसंख्य आहेत.

त्या मुलीला मी उत्तर दिले ते सुटीनंतर चार दिवसांनी. वर्गासमोर सांगितले की, रामायणात झेंडू नाही, मी सांगितले ते चुकीचे होते, आणि हे फूल सुमारे चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी मेक्सिकोकडून आले. वर्ग गप्प राहिला. मला वाटले, मुख्याध्यापक चुकले ह्याचे मुलांना आश्चर्य वाटत असावे. तसे नव्हते. एका मुलाने विचारले, मग दसऱ्याला ते चालते का? मी म्हणालो, मिरची उपवासाला चालते ना? त्यावर सारा वर्ग हसला. स्टाफरूममध्ये मात्र एका सहकाऱ्यांनी खासगीत सांगितले की, खरे असले तरी मुलांपुढे असे बोलू नये, श्रद्धा डळमळते. त्यांचा माझ्यावर लोभ आहे, म्हणून मी वाद घातला नाही. परंतु तेव्हापासून पाटीपूजनाच्या भाषणात मी मेक्सिकोचे नाव दर वर्षी घेतो, आणि तोरण पूर्वीइतकेच मोठे बांधतो.

त्या वर्षीचे तोरण मुलांनी टाकू दिले नाही. ते कपाटावर वाळत राहिले. पुढच्या ज्येष्ठात पहिला पाऊस पडल्यावर आठवीच्या त्याच मुलीने व तिच्या मैत्रिणींनी ती सुकी फुले चुरून कुंपणाकडेच्या वाफ्यात टाकली. रोपे भरपूर आली. अश्विनात फुले आली तेव्हा मुली थोड्या हिरमुसल्या, कारण बाजारातल्यासारखी भरगच्च गोंडेदार फुले फार थोडी होती; बाकीची विरळ पाकळ्यांची, मध्ये पिवळी चकती उघडी पडलेली. मी त्यांना एक फूल तोडून पाकळ्या मोजावयास सांगितल्या. विसाच्या आत भरल्या.